ट्रंक कॉलच्या अकरा चिठ्ठ्या

आणीबाणीत वरून हुकूम आला: ट्रंक कॉलच्या, म्हणजे परगावी जोडून दिलेल्या फोनच्या, चिठ्ठ्या यापुढे फाडायच्या नाहीत, देशाच्या सुरक्षेसाठी जपून ठेवायच्या. टेलिफोन ऑपरेटर लक्ष्मणरावांना हसूच आलं. मोहाडीकडच्या त्या गावात फोन होते तीन, त्यांतला ठाण्याचा सहा महिने बंद. एवढ्यात देश कुठून बुडणार होता, देव जाणे. तरी त्यांनी इमानेइतबारे गठ्ठे बांधून ठेवले.

ठाणेदारांनी त्या गठ्ठ्यांवरून नंबरांची यादी काढवली आणि वाघ मारल्यासारखे मिशीवर ताव देत फिरू लागले. ताराचंदच्या राइस मिलमधून नागपूरच्या एकाच नंबरावर अकरा कॉल, आणि नंबर एका फरार वकिलाचा! यादी जिल्ह्याला गेली, ताराचंद तुरुंगात गेला. पुढारी आला की चहा पाजायचा, यापलीकडे त्या बापड्याला राजकारण ठाऊक नव्हतं.

सारं गाव मिलमधूनच फोन करायचं. कॉल कोणाचाही असो, चिठ्ठीवर नाव चढायचं ताराचंदचं. पण पलीकडे कोणाला बोलवायचं, तेही नाव चिठ्ठीवर असतं, हे यादीवाल्या शहाण्यांना सुचलं नव्हतं. लक्ष्मणराव अकराही चिठ्ठ्या घेऊन ताठ मानेनं ठाण्यात गेले.

"साहेब, वकिलाले कोणी बोलावलंच नाही. त्याच्या फोनवर शेजारच्या बाईले बोलावलं. नाव वाचा ना."

ठाणेदारांनी वाचलं, पुन्हा वाचलं. सौ. निर्मला.

"तुमचीच पोरगी. तुमच्या बाईसाहेब मिलमधून तिच्या बाळंतपणाची खबर घेत होत्या. आता सोडा ताराचंदले."

ठाणेदारांचा चेहरा उतरला. त्यांनी चिठ्ठ्यांची घडी करून खिशात घातली. "बरं झालं आणल्या. बोलू नका कोठं."

लक्ष्मणराव खुशीत ताराचंदच्या बायकोला, रुखमिणीला, सांगून आले की नवरा सुटलाच समज. चिठ्ठ्यांची पोच मागायचं भान त्या भल्या माणसाला राहिलं नाही.

महिना गेला. ते पुन्हा ठाण्यात गेले.

"कोणत्या चिठ्ठ्या?" ठाणेदार म्हणाले. "काहून फालतू बोलून राहिले? माझ्याजवळ फक्त यादी आहे."

आठवड्यानं वरून मेमो आला. सुरक्षेच्या अकरा चिठ्ठ्या दप्तरातून गहाळ, आरोपीला मदत केल्याचा संशय, तीन दिवसांत खुलासा करा.

मेमो हातात असतानाच रुखमिणी दारात आली. "भाऊ, ते कधी येऊन राहिले?"

लक्ष्मणरावांना साऱ्या सरकारवर थुंकावंसं वाटलं, आणि त्याआधी स्वतःवर.

"तो निर्दोष असल्याचा कागद होता, बाई," ते म्हणाले. "मीच नेऊन चोराच्या हातात देल्लो."