अकरा तासांची हसरी पट्टी

"मॅडम, बावीस वर्षांत तुम्ही समुद्राचा तळ एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय का?"

शाळेच्या सभागृहात, चारशे मुलांसमोर, माइक हातात घेऊन मी हा प्रश्न विचारला. आणि ज्या मॅडमना विचारला ती माझी आई.

पैज चिमटा आणि रेडिओनं लावली होती. या माझ्या दोन मैत्रिणी. चिमटा बोलते कमी, पण बोलली की वळ उठतो. रेडिओ बंदच होत नाही. त्यांचं म्हणणं, स्वतःच्या आईला सगळ्यांदेखत 'मॅडम' म्हणून एक वाकडा प्रश्न विचारून दाखव, नाहीतर महिनाभर आमची दप्तरं तू वाहायची. गेल्या वर्षीची मी असते तर मुकाट दप्तरं उचलली असती. तेव्हा मी हजेरीलासुद्धा इतकी हळू ओ द्यायचे की बाई मला गैरहजर लावून मोकळ्या व्हायच्या. यंदा कुठून कोण जाणे, मला आवाज फुटला. वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले आणि मग थांबलेच नाही. बाबा म्हणतो, नळ दुरुस्त करायला गेलो आणि आता बंदच होत नाहीये.

तर आईनं माझ्याकडे पाहिलं. ओळख न दाखवता पाहिलं, हे मला फार आवडलं.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

सभागृहात हशा पिकला. रेडिओ तर बाकावरून घसरायची बाकी होती. आई शांतपणे हसू ओसरायची वाट बघत राहिली.

"आमच्यातल्या बहुतेकांनी नाही पाहिलेला," ती म्हणाली. "तिथे उजेड पोचत नाही. आम्ही जहाजातून आवाज खाली सोडतो. तो तळावर आपटून परत येतो. यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढतो. म्हणजे आम्ही तळ बघत नाही, ऐकतो."

मग ती रंगात आली. हल्ली माणसं नसलेल्या बोटी सर्व्हेला पाठवतात आणि किनाऱ्यावर खुर्चीत बसून त्या चालवतात. समुद्राखालून गेलेल्या टेलिफोनच्या केबलींवर कान ठेवून भूकंप ऐकतात. पूर्वी माणसं महिनोन्‌महिने डोळे फोडून जो डेटा साफ करायची, तो आता मशीन एका दुपारी साफ करतं. आणि एवढं सगळं होऊनही नीट मोजून झालेला तळ जेमतेम एक चतुर्थांश आहे. बाकीचा अंदाज. मागच्या रांगेतली मुलंसुद्धा पुढे वाकून ऐकत होती. माझी कॉलर आपोआप ताठ झाली.

शेवटी मुख्याध्यापिका आभार मानायला उठल्या. "मॅडम लवकरच साडेचार महिन्यांच्या मोहिमेवर प्रमुख म्हणून जाताहेत, त्याबद्दल शाळेतर्फे शुभेच्छा."

आईचा चेहरा बदलला. "अजून ठरलं नाहीये," ती घाईनं म्हणाली. "सोमवारपर्यंत कळवायचंय."

साडेचार महिने. आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा मुक्काम दोन महिन्यांचा होता. आणि ही बातमी मला चारशे मुलांबरोबर कळली.

चिमटानं मला कोपरानं ढोसलं. "तुला माहीत होतं?"

"हो मग," मी म्हणाले. "मस्त ना?"

हा 'मस्त' माझा जुना साथीदार आहे, त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. आई जहाजावर असते तेव्हा दर रविवारी मी तिला चार ओळी लिहिते, ती मला चार ओळी लिहिते. सात वर्षांची असताना एकदा मी लिहिलं होतं, मला रडू येतं, तू ये. नंतर जहाजावरच्या आचाऱ्यानं आम्हाला गमतीत सांगितलं की त्या आठवड्यात तुझी आई दोन दिवस जेवली नाही, माझा स्वयंपाक बिघडला की काय म्हणून मीच घाबरलो. सगळे हसले. मी नाही हसले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ एकच असते: सगळं मस्त. आणि तिचीही ठरलेली असते: समुद्र शांत, काम छान.

त्या संध्याकाळी बाबानं दुकान लवकर बंद केलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, आणि ते साडेआठच्या आत बंद झालं की समजावं, घरात काहीतरी गंभीर आहे.

"मी तुला आधी सांगणार होते," आई म्हणाली. "त्यांनी परस्पर जाहीर केलं."

"अगं ठीक आहे."

"त्या भागात आजवर कुणी नीट सर्व्हे केलेलाच नाही. उपग्रहावरून काढलेला ढोबळ नकाशा आहे तेवढाच. आणि यापुढे माणसांसकट जहाज पाठवतील असं वाटत नाही. पण तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार. खरंच. किनाऱ्यावरून बोटी चालवतात त्या खोलीत मला जागा आहे. रोज सहाला घरी."

रोज सहाला घरी. हे शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. तोंडात 'नको जाऊ' तयार होतं, अगदी दातांच्या मागे.

"जा की," मी म्हणाले. "मस्त आहे."

बाबा ताटात बघत राहिला. आई माझ्याकडे बघत राहिली, पण तिला तेच दिसलं जे मी दाखवलं.

आता आमच्या घराची एक गोष्ट. लहान असताना आईनंच मला शिकवलं होतं की खोलीत टाळी वाजवली की खोली रिकामी आहे का भरलेली ते कळतं. कपडे, गाद्या, माणसं आवाज पिऊन टाकतात. रिकामी खोली तो तुम्हाला परत देते. आमच्या पॅसेजमध्ये आईचे दोन जाड कोट, बूट आणि तिची मोठी पिशवी असते. ती गेली की तेही जातात. मग शाळेतून आल्यावर मी किल्लीनं दार उघडते, पॅसेजमध्ये उभी राहते आणि एक टाळी वाजवते. टाळी कोरडी ठण्ण परत येते. मग मी फ्रीजला म्हणते, आले मी. तो घरघरतो. बाबा येईपर्यंत चार-साडेचार तास आमचं हे एवढंच संभाषण. हे मी चिमटाला सांगितलेलं नाही. रेडिओला तर शक्यच नाही, दुसऱ्या दिवशी बातम्यांत येईल.

शनिवारी मी आईबरोबर तिच्या संस्थेत गेले. सुट्टीच्या दिवशी तिथे आईच्या शेजारच्या स्क्रीनवर बसून जुना डेटा साफ करायला मला मिळतो. म्हणजे माशांचे थवे, बुडबुडे, जहाजाचा स्वतःचाच खडखडाट असले खोटे ठिपके वेचून टाकायचे आणि खरा तळ ठेवायचा. मशीन ते करतंच, पण आईचा मशीनवर अर्धाच विश्वास आहे. तिथे गळकाका पण असतात. जहाजावर दोरीला यंत्र बांधून पाण्यात सोडायचं काम त्यांचं, म्हणून गळकाका. यंत्र वर आलं की सांगतं, इथल्या पाण्यात आवाज किती वेगानं पळतो.

या वेगाचंच सगळं रामायण. जहाज आवाज नुसता सरळ खाली नाही, दोन्ही बाजूंना तिरकाही सोडतं, म्हणजे जाता जाता तळाची रुंद पट्टी मोजून होते. गरम पाण्यात आवाज वेगळा पळतो, गारात वेगळा. पाणी बदललं आणि तुम्ही जुनाच वेग धरून बसलात, की तिरका गेलेला आवाज कुठे पोचला ते चुकतं. मग अगदी सपाट तळसुद्धा नकाशावर दोन्ही कडांना वर वळलेला दिसतो. त्याला इथे सगळे 'हसरी पट्टी' म्हणतात. उलटं झालं तर 'रडकी'. हसरी पट्टी निघाली की ज्याची शिफ्ट असेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, असा त्यांचा नियम.

त्या दिवशी मी गेल्या मोहिमेतली एक रेषा, म्हणजे जहाजाच्या एका सरळ फेरीचा डेटा, उघडली आणि मला हसू फुटलंच. लांबच्या लांब हसरी पट्टी. एक-दोन नाही, अकरा तासांची. समुद्राचा तळ कानापर्यंत तोंड फाकून हसत होता.

"काका, चहा कुणाकडे लागतो हो? अकरा तास."

गळकाकांनी वाकून पाहिलं आणि ते एकदम कामात शिरले. त्यांना त्या क्षणी एक दोरी गुंडाळायची आठवण झाली.

"आई, कुणाची शिफ्ट ही?"

"माझी," आई म्हणाली.

"तू? वेग मोजायला विसरलीस? अकरा तास?"

"हो. काकांनी दोनदा विचारलं, यंत्र सोडू का. मी थांबा म्हणाले आणि विसरले. पुढची शिफ्टपण मीच केली. झोप येणार नव्हती."

"मग सरळ का नाही केलीस? मशीन करतं ना आता."

"करतं. तळ साधारण सपाट असणार असं धरून कडा खाली ओढून देतं. दिसायला छान दिसतं. पण तिथला वेग मोजलेलाच नाही. न मोजता सरळ करायची म्हणजे थाप. म्हणून तशीच ठेवलीये. शेरा लिहून." एवढं बोलून ती परत आपल्या स्क्रीनकडे वळली.

मी शेरा उघडला. *वेग मोजला नाही. चूक माझी.* खाली आईची सही आणि तारीख.

तारीख मला पाठ होती. त्या दिवशी खेळाच्या तासाला माझा उजवा हात मोडला होता. बाबानं मला दवाखान्यात नेलं आणि मी त्याच्याकडून शप्पथ घेतली की आईला सांगायचं नाही. जहाज बंदरापासून नऊ दिवस दूर होतं. रविवारी मी कीबोर्डवर डाव्या हातानं एकेक अक्षर शोधत लिहिलं: सगळं मस्त. तिचं उत्तर आलं: समुद्र शांत, काम छान.

म्हणजे बाबानं सांगितलं होतं. त्याच दिवशी. आणि आई वळता न येणाऱ्या जहाजावर अकरा तास बसून होती, आणि तिच्याखाली तळ हसत होता.

माझ्या नव्या आवाजाचा त्या वेळी पत्ताच नव्हता. मी तिच्याकडे बघितलं. चष्मा कपाळावर, मान पुढे. बावीस वर्षं ती नुसतं ऐकून सगळं ओळखत आलीये, आणि मी तिला आठ वर्षं चुकीचा वेग देत आलेय. माझी कड जरा वर वळलेली दिसली की ती समजते, पोरगी हसतेय.

घरी जाताना बसमध्ये आम्ही एकमेकींना टेकून बसलो होतो. ती म्हणाली, "गप्प का गं? नळ बंद झाला वाटतं."

"विचार करतेय."

"बापरे," आई म्हणाली, आणि माझा उजवा हात हातात घेऊन मनगटापाशी जिथे हाड सांधलंय तिथे अंगठा फिरवत राहिली. ती जागा मी तिला कधी दाखवली नव्हती.

रविवारी दुपारी मी दोघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. बाबा पेपर घेऊन आला होता, तो मी काढून घेतला. भाषणाला उभं राहतात तशी खुर्चीमागे उभी राहिले, पण पाठ केलेलं एक वाक्य आठवेना.

"बाबा, तू शप्पथ मोडलीस," मी म्हणाले.

बाबानं आईकडे पाहिलं. आईनं टेबलाकडे.

"मोडली," तो म्हणाला. "मग? एकट्याला झेपलं नसतं मला."

बाबाला काही झेपत नाही, हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटलं होतं घरात एकटं वाटण्याचा मक्ता माझ्याकडेच आहे.

"आणि आई, तू 'काम छान' लिहिलंस. मी पट्टी पाहिलीये."

"तूही 'मस्त' लिहिलंस," आई म्हणाली. "डाव्या हातानं. नेहमीची चौथी ओळ नव्हती, तेव्हाच कळलं मला किती वेळ लागला असेल ते."

स्वयंपाकघरातून फ्रीज तेवढा बोलला. रडले तर ती नक्की थांबेल, हे मला माहीत होतं. हसले तर नक्की जाईल. म्हणून मी खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि दोन्ही केलं नाही.

"मी ठरवलंय," मी म्हणाले. "आई, उद्या हो म्हणून कळव. तुला जायचंय, ते मला शाळेत दिसलं. पण मी मस्त नसणारे. मला एकटं वाटतं, खूप वाटतं, दार उघडल्यावर सगळ्यात जास्त. साडेचार महिने वाटणारे. आजपासून दर रविवारी मी जे असेल तेच लिहिणार. बाबानंही लिहायचं, स्वतःचं. तूही. आणि माझं वाचून तू जेवण सोडायचं नाहीस, जहाज वळवायचं नाहीस. काकांना सांगायचं यंत्र सोडा, वेग मोजायचा, आणि कामाला लागायचं."