गोड गाभा

मित्रांनो, मी एक जुनी, इंजिनवर चालणारी करवत आहे. दात तीनदा बदलले, आवाज अजून पहिलाच आहे.

फिलिपिन्समधल्या लेइते बेटावर मोठं वादळ झालं आणि उतारावरचे माड आडवे पडले, तेव्हा मदतीच्या बोटीतून मी तिथे उतरले. पडलेला माड कुजला की त्यात गेंडा भुंगा वाढतो आणि उभ्या माडांना खातो. म्हणून गावाने ठरवलं : मेलेले तेवढे कापायचे, त्यांच्या फळ्यांची घरं बांधायची, मोकळ्या जागेत अळू-रताळी लावायची. वर्षभरात माझ्या फळ्यांवर बावीस घरं उभी राहिली. लोक मला उशाशी घेऊन झोपत. काम असेपर्यंत कौतुक असतंच.

मग आडवे माड संपले. फळ्यांची मागणी काही संपली नाही, त्या न्यायला बाहेरून ट्रक येतच राहिले. मला चालवणारा आर्नुल्फो आता खालूनच बघून, शेंडा मोडलेल्या प्रत्येक माडावर मेल्याची लाल फुली मारू लागला. गावातल्या पुरिंग मावशीच्या नऊच्या नऊ माडांवर फुल्या पडल्या. तिचं पोट त्या नऊंवर होतं. नवा माड फळ धरायला सहा वर्षं, आणि मावशीची साठी उलटलेली. तरी ‘मेलेत तर मेलेत’ म्हणत तिने ते पाडू दिले.

त्या दिवशी सकाळीच मी तिचे दोन पाडले. माड पाडला की शेंड्यातला कोवळा गाभा जातो तो पाडणाऱ्यांच्या ताटात, ही तिथली रीत. मावशीने तो शिजवून वाढला. माडी काढणारा म्हातारा इस्योंग खाता खाता थांबला.

“आर्नुल्फो, कसा लागतोय रे?”

“लोण्यासारखा!”

“मेलेल्या माडाचा?”

मेलेल्या माडाचा गाभा सडतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पंधरवडाभर फुकटचं ओरपताना मात्र एकालाही आठवलं नव्हतं.

आर्नुल्फो उठला. “ट्रक उभा आहे खाली. तुला तुझ्या माडीची काळजी, म्हाताऱ्या!”

“आहेच! तुझ्या लग्नात वऱ्हाडाला काय पाणी पाजलं होतंस?”

इस्योंग तिसऱ्या माडाच्या खाचांत पाय देत चढू लागला. तो अर्ध्यावर असताना आर्नुल्फोने माझी दोरी ओढली. नुसती भीती घालायला असेल. पण साखळी फिरू लागली, आणि बुंधा वीतभरावर होता. मित्रांनो, मला फिरता येतं, आपणहून थांबता येत नाही.

मावशी बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. “चालव,” ती म्हणाली, “पण आधी माझ्यावरून.”

वर पोचलेल्या इस्योंगचे ओठ हलताना दिसत होते, माझ्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हता. आर्नुल्फोने मला बंद केलं.

“कोंब आहे! हातभर, हिरवागार! केव्हाचा बोंबलतोय मी, बहिऱ्यांनो!”

अंधार पडेपर्यंत तो उरलेले सहाही चढला. सातांपैकी पाच जिवंत निघाले. ट्रक अर्धा रिकामा गेला.

आता मी छपराखाली गंजते. तक्रार नाही. पाडलेल्या त्या दोन माडांच्या जागी आर्नुल्फोने रोपं लावली आहेत. ती धरायला अजून पाच वर्षं आहेत, आणि मावशी रोज सकाळी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहते.

माझी निगा राखायची असेल तर तेलपाण्याचं नंतर बघा. आधी कुणाला तरी वर चढवा, आणि तो खाली उतरेपर्यंत मला हात लावू नका.