आधी जन्मतारीख विचारा

सासूबाईंनी जावयाच्या मोबाइलच्या दुकानात टॅबलेट काउंटरवर असा आपटला, की शेजारी चार्जर बघत असलेलं गिऱ्हाईक दचकलं. सासूबाई घरी शिवणकाम करायच्या आणि कपड्यांचे नमुने ह्याच टॅबलेटवर दाखवायच्या. आज सकाळी नमुन्यांचं ॲप उघडायला गेल्या, तर ‘तुमचं उपकरण फार जुनं आहे’ म्हणून त्यानं हात वर केले.

“जुनं? गेल्या वर्षी तुम्हीच नवाकोरा म्हणून माझ्या गळ्यात मारलात ना हा, जावईबापू?”

“नवाकोराच होता, आई. खोकं तुम्हीच फोडलंत. पण कंपनी चार वर्षं अपडेट देते, आणि ती मोजायची मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून. तुम्ही घेतलात तेव्हापासून नाही.”

“म्हणजे तीन वर्षं हा तुमच्या कपाटात म्हातारा होत पडला होता! मग विकताना दातखीळ बसली होती का?”

“तुम्ही विचारलंच नाहीत,” कलप लावलेल्या मिशीवरून बोट फिरवत जावई गोड हसला. “दुसरा दाखवू? घरच्या माणसाला सवलत देतो.”

ते हसू बघून सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या चार्जरवाल्या गिऱ्हाइकाकडे वळल्या आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ह्यांच्याशी कसलाही व्यवहार करा, पण आधी जन्मतारीख विचारा. मी दोनदा विसरले. एकदा हा टॅबलेट घेताना, आणि त्याआधी ह्यांना मुलगी देताना.”