दीडशेच्या झाकणाखालची दोनशे

मी दोनशे बोलतेय. दीडशे नाही, दोनशे. सहा वर्षं मला लोकांनी चुकीच्या नावानं हाक मारली आणि मी निमूटपणे ऐकून घेतलं. आता ऐकायची पाळी तुमची.

मी बोटीच्या पाठीला लावायची मोटर आहे. आउटबोर्ड म्हणतात आम्हाला. सहा सिलिंडरची, काळी कुळकुळीत, दोनशे हॉर्सपॉवरची. उत्तरेकडच्या एका थंडगार गावातल्या कारखान्यात माझी जुळणी झाली. माझ्या मानेखाली, बोटीला धरून राहणाऱ्या पकडीवर, त्यांनी माझ्या नंबराची बारकी पट्टी ठोकली. मग एका बाईनं माझ्या डोक्यावर झाकण बसवलं, त्यावरचे चंदेरी २०० हे आकडे फडक्यानं पुसले आणि मला खोक्यात घातलं. त्या बाईचा हात हलका होता. पुढे आयुष्यात तसा हात फारसा लाभला नाही.

दीडशे, पावणेदोनशे आणि दोनशे अशा आम्ही एकाच साच्यातल्या बहिणी. एकीचं झाकण दुसरीला बिनबोभाट बसतं. बाहेरून फरक तो फक्त आकड्यांचा, आणि सगळं रामायण त्यातूनच घडलं.

अलाबामातल्या टर्की फोर्क तलावाकाठी रॉइस नावाच्या माणसाचं मोटरींचं दुकान होतं. तिथे मी दारापाशीच उभी होते. एका शनिवारी हार्लन टिडवेल आणि त्याची बायको व्हर्लीन मोटर निवडायला आले. हार्लन टायरच्या कारखान्यात पाळीवर जायचा. व्हर्लीन शाळेची बस चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या, बास जातीचे मासे धरणाऱ्यांच्या क्लबात वजनाचा काटा सांभाळायची. चौदा बोटींचा क्लब. पहाटे टोपीतून चिठ्ठ्या काढून नंबर ठरवायचे, नंबरानं बोटी सोडायच्या, दुपारी तीनच्या आत परत यायचं, पाच मासे वजन करून जिवंतच पाण्यात सोडायचे. मासा पंधरा इंचाला केसभर कमी पडला तर व्हर्लीन तो बाद करायची. समोर पाद्री असला तरी बाद. तिच्या शब्दावर त्या तलावाकाठी कुणी दुसरा शब्द बोलत नसे.

"बोटीच्या पाटीवर काय लिहिलंय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

प्रत्येक बोटीत सुकाणूजवळ एक पाटी असते. ही बोट जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर पेलेल, ते तिच्यावर लिहिलेलं असतं.

"दीडशे," हार्लन म्हणाला. डोळे मात्र माझ्यावर.

"मग दीडशेच घे. त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे?"

"व्हर्लीन, सगळी गिऱ्हाइकं तुझ्यासारखी भेटली तर मी अकरालाच कुलूप लावून घरी जाईन," रॉइस म्हणाला.

दीडशे ठरली. ते गेले. मंगळवारी हार्लन एकटाच आला आणि सरळ माझ्यापुढे उभा राहिला.

"ती नको. ही दे."

"तुझी बोट दीडशेची आहे, गड्या."

"बोट माझी आहे ना?"

"बोट तुझी आहे. काटा बायकोचा आहे."

हार्लननं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "दर वेळी माझी चिठ्ठी तेरावी नाहीतर चौदावी निघते, रॉइस. मासे लागतात त्या खाडीच्या तोंडाशी मी पोचतो तेव्हा क्लोव्हिस प्रुइट तिथे बसून दुसरं बिस्किट खात असतो. मागे एखाद्या आपटलेल्या मोटरचं झाकण पडलंय का? दीडशेचं?"

रॉइसनं दाराबाहेर एकदा बघून घेतलं. मग मागच्या खोलीत गेला आणि झाकण घेऊन आला. त्याला मी माफ केलेलं नाही.

माझं झाकण जुन्या चादरीत गुंडाळून हार्लनच्या शेडमध्ये हरणांच्या चाऱ्याच्या पोत्यांमागे गेलं. माझ्या डोक्यावर कुणा मेलेल्या मोटरचं दीडशेचं झाकण आलं. आतून त्याला दुसरीच्या तेलाचा वास येत होता. माणसांना दुसऱ्याचे बूट चावतात म्हणे. मला ते झाकण सहा वर्षं चावलं.

पण पळण्यात मी कुणाला हार गेले नाही, हेही सांगते. तेरावी चिठ्ठी असू दे, चौदावी असू दे, खाडीशी हार्लन पहिला. काठावर सगळे तोंडात बोटं घालायचे. "हार्लन, मोटरीला पाण्यातला पंखा कुठला लावलास रे?" असं विचारत यायचे, आणि हार्लन गंभीर तोंड करून सांगायचा, "चार पात्यांचा. स्टीलचा." तिघांनी तसलेच पंखे आणून बसवले आणि वर्षभर आपल्या बोटींना शिव्या घातल्या. श्रेय पंख्याला, नाव दीडशेला, आणि घाम माझा.

पाटीपेक्षा मोठी मोटर लावली की बोट कधी उलटेल याचा नेम नसतो, म्हणून क्लबाचा नियम कडक होता. पाटीपेक्षा जास्त मोटर सापडली की बोटीवर ज्यांची नावं ती जोडी वर्षभर बाहेर. हार्लनला हे पाठ होतं. मला धरून ठेवणाऱ्या मागच्या फळीला दोन्ही कोपऱ्यांत बारीक चिरा पडल्या तेव्हा त्यानं त्या गुपचूप लांबीनं भरल्या. माझा जोर मी कमी करू शकत नव्हते. मी त्यासाठीच जन्मले होते.

चौथ्या वर्षी अंतिम स्पर्धेत क्लोव्हिसनं सगळ्यात जड मासे आणले. पण तो काठाला लागला तेव्हा तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. व्हर्लीननं वही मिटली.

"दोन मिनिटं, व्हर्लीन," क्लोव्हिस म्हणाला. "वाटेत एकाची बोट बंद पडली होती. त्याला ओढून आणलं मी."

"चांगलं केलंस. पण तीन म्हणजे तीन."

त्याची बायको उतारावर उभी राहून रडत होती. वर्षाची ढाल हार्लनला मिळाली आणि टिडवेलांच्या टीव्हीवर भिंतीला लागली. परतताना ट्रकमध्ये व्हर्लीन म्हणाली, "मला वाईट वाटलं त्याचं. पण मी एकदा सोडलं तर काट्याला काय किंमत?" हार्लननं गाण्याचा आवाज वाढवला. मागे ट्रेलरवर मी होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या वसंतात हार्लनचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्याला वजन उचलायची बंदी, आणि माझ्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक झालेली. म्हणजे पाणी खेचणारा पंप बदलायला हवा. हार्लन पलंगावरून ओरडत होता, "राहू दे, मी बघतो नंतर." पण व्हर्लीन कसली ऐकते. दुकानात पंप मागायचा तर नंबर लागतो. ती शेडमध्ये आली, गुडघे टेकले, माझ्या पकडीवरची पट्टी अंगठ्यानं पुसली आणि चर्चच्या पत्रकामागे नंबर उतरवून घेतला. मी मनात म्हटलं, वाच बाई, नीट वाच.

रॉइसनं दुकान विकलं होतं. गल्ल्यावर नवी चष्मेवाली बाई होती. तिनं नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि म्हणाली, "पंप दोन्हींना एकच बसतो, पण तुमची दीडशे नाही हो. दोनशे आहे."

हे मला कळलं ते व्हर्लीन परत येऊन शेडमध्ये खुर्चीवर बसली तेव्हा. पोटाला उशी धरून हार्लन दारात उभा होता. तिनं पोत्यांमागून ती चादर आधीच ओढून काढली होती.

"सहा वर्षं," ती म्हणाली.

"हनी, निम्मा क्लब हेच करतो."

"निम्म्या क्लबाच्या बायका काट्यावर नाही बसत. मी क्लोव्हिसला दोन मिनिटांपायी हाकललं, हार्लन. आणि ती ढाल रोज पुसली. तू बघत होतास मी पुसताना."

"कुणाला कळलं नाही ते. कुणाला कळणारही नाही."

"मला कळलंय ना. मी कोणीच नाही का?"

 हार्लन हळूच म्हणाला, "मला एकदा तरी क्लोव्हिसच्या आधी पोचायचं होतं. मग थांबता येईना." हे खरं होतं. त्याचा राग मला आजही आहे, पण त्या वेळी त्याची दयाही आली.

व्हर्लीननं खिटी ओढली आणि माझ्या डोक्यावरचं ते झाकण उतरवलं. मग माझं स्वतःचं झाकण उचलून बसवलं. खिटी बसल्याचा तो आवाज मी जन्मात विसरणार नाही.

शनिवारी पहाटे उतारावर सगळ्या बोटी लागल्या होत्या. व्हर्लीननं ट्रक मागे घेतला तो असा की माझे आकडे सगळ्यांसमोर यावेत. कुणीतरी कॉफी पिता पिता थांबला. ती खाली उतरली, ढाल काढली आणि क्लोव्हिसपुढे धरली.

"ही तुझी आहे. आमची मोटर दोनशेची आहे, बोट दीडशेची. सहा वर्षं. बोटीवर माझंही नाव आहे, म्हणून वर्षभर दोघंही बाहेर. वहीत लिहिलंय मी."

हार्लन ट्रकमध्ये बसून राहू शकला असता. पण तो पोट धरत उतरला आणि बायकोशेजारी जाऊन उभा राहिला. "तिला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाला.

क्लोव्हिस ढालीकडे बघत होता. "माझी बायको त्या दिवशी रडली होती, व्हर्लीन."

"मी पाहिलं होतं. आणि तरी वही मिटली होती."

मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या आता, कशाला सकाळ खराब करता." व्हर्लीन त्याच्याकडे वळली. कानामागची पेन्सिल काढून म्हणाली, "काटा सोडायच्या आधी एक काम राहिलंय. झाकणं नाही बघत मी. पकडीवरचे नंबर बघते. ओळीनं उभे राहा."

तिघांना एकाएकी घरी काही विसरल्याची आठवण झाली. चार पात्यांच्या पंख्यांनी भागलं नाही म्हणून झाकणं बदलली ती याच तिघांनी, हे पाहून मला इतकं हसू आलं की टाकीत पेट्रोल असतं तर मी आपोआप सुरू झाले असते. क्लोव्हिसची मोटर मात्र पाटीइतकीच निघाली. त्यानं ढाल घेतली, काखेत मारली आणि बोटीत जाऊन बसला.

टिडवेलांनी पुढच्या महिन्यात नवी मोटर आणली. दीडशे, पाटीवर आहे तेवढीच. या वेळी निवडायला हार्लन गेलाच नाही. "तूच आण," म्हणाला. बरी आहे ती नवी पोरगी, आवाज कमी करते.

मला शेडमध्ये लाकडी घोडीवर ठेवलंय. विकायला आहे. गिऱ्हाइकं येतात, हात फिरवतात, आणि बहुतेकांचा दुसराच प्रश्न असतो, "दीडशेचं झाकण होतं म्हणे, तेही मिळेल का?" व्हर्लीननं त्या झाकणात माती घालून पेटुनिया लावल्यात. ती बोटीच्या पाटीचा फोटो मागते. दोनशेची पाटी असेल तर पुढचं बोला, नाहीतर दार तिकडे आहे. कितीतरी जण तणतणत गेले.

मागच्या आठवड्यात क्लोव्हिस आला. हातात क्लबाचा काटा. "नवा माणूस प्रत्येकाला पाव पौंड जास्त देतो," तो म्हणाला. "सगळे खूश आहेत. मला नकोय तसली खुशी. वर्ष संपलं तुमचं. हा धर."

व्हर्लीन म्हणाली, "तू एक मिनिट उशिरा आलास तरी बाद करीन."

"म्हणून तर आणलाय."

तिनं काटा घेतला, आणि तोंड फिरवून बराच वेळ माझं झाकण पुसत राहिली. त्यावर धूळ नव्हतीच.

तुमच्यापैकी कुणी मोटर निवडायला निघाला असेल तर एवढंच सांगते. हवी तेवढी मोठी घ्या, पण आधी ती पेलणारी बोट आणा. आणि ते जमत नसेल तर लहान मोटर घ्या आणि उशिरा पोचा. आम्हाला आपल्या हौसेसाठी खोटं नाव देऊ नका. माझं काय, पुन्हा पाणी मिळालं तर त्या तलावाला दाखवीन मी कोण आहे ते. नाही मिळालं तर याच घोडीवर गंजेन. पण गंजेन ती दोनशे म्हणून.