मिठाच्या दोन चिमटी

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे, लिचीच्या टणक लाकडाचा. लुकांग गावात दिंग यांच्या मिठाईच्या दुकानात राहतो. माझ्या पोटात ड्रॅगन आणि फिनिक्स कोरलेले आहेत. तो नवरदेवाचा, ती नवरीची. उगाच फुशारकी मारत नाही, पण एके काळी माझा ठसा उमटल्याशिवाय या गावात लग्न ठरलं असं कुणी मानत नसे. नवऱ्याकडच्यांनी लग्नाचे रोट पाठवायचे आणि नवरीकडच्यांनी ते घरोघर वाटायचे. दारात रोट आला की आमंत्रण पोचलं. आत मूगडाळीचं पुरण, परतलेला कांदा, डुकराचं मांस आणि तीळ. थोडं गोड, थोडं खारट.

मग शहरातून बिस्किटांचे चकचकीत डबे आले आणि मी खिळ्याला लटकलो. नऊ वर्षं! कोळ्यांनी माझ्या ड्रॅगनच्या मिशांवर जाळी विणली. फार वाईट वाटायचं.

पण मालकांची मुलगी पेइरू हिचं लग्न ठरलं, तेव्हा तिने सासरी ठणकावून सांगितलं, "डबे नकोत. बाबांच्या साच्यातलेच रोट हवेत." सासरच्यांनी लगेच एकशेवीस रोट सांगितले. मालकांनी मला धुतलं, पुसलं, तेल लावलं. माझी छाती अभिमानाने फुगली.

अडचण एकच होती. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात मालकांच्या जिभेची चव गेली होती. बाहेर कुणाला पत्ता नव्हता, कारण दुकानातल्या रोजच्या मिठाईचा प्रत्येक घाणा पेइरू चाखून बघायची. आणि आमच्याकडे नवरीने आपल्या लग्नाचा रोट खायचा नसतो. खाल्ला तर ती आपलंच सुख खाऊन संपवते.

पहिला घाणा निघाला. मालकांनी सवयीने तुकडा मोडला आणि लेकीच्या तोंडाशी नेला. तिनेही सवयीने आ केला!

"अहो, काय करताय!" सूमेइ मालकीणबाई ओरडल्या आणि त्यांनी फटकन नवऱ्याच्या हातावर मारलं. "पोरीचं सुख तिलाच गिळायला लावता?"

तुकडा जमिनीवर पडला. मालक मटकन स्टुलावर बसले.

"मग सांगणार कोण? उद्या अख्खं गाव खाणार. माझ्याच लेकीचा रोट बेचव निघाला तर?"

"आईला द्या ना," पेइरू म्हणाली.

"तिला काय विचारायचं? तिला माझं सगळंच छान लागतं."

मालकीणबाईंनी दुसरा तुकडा उचलला आणि सावकाश चावला.

"मीठ कमी आहे. दोन चिमटी हवं. आणि कांदा जरा करपलाय."

मालक बघतच राहिले. "तुला कळतं?"

"तीस वर्षं कळतंय. तुम्ही विचारायचात, 'छान झालंय ना?' मी म्हणायचे, 'हो.' दुसरं काय म्हणणार?"

पेइरू पोट धरून हसली. मालकांचे कान लाल झाले, पण त्यांनी मिठाची बरणी पुढे ओढली.

पुन्हा पुरण झालं. मला डावीकडे ठोकलं, उजवीकडे ठोकलं, पालथं केलं. एकशेवीसच्या एकशेवीस रोटांवर फिनिक्सचं पीसन् पीस उमटलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी बोटं चाटली. पेइरूने मात्र कण चाखला नाही. सासरी निघताना तिने माझ्या फिनिक्सवरून अंगठा फिरवला आणि आईकडे बघून हसली. तेव्हा मालक रडले.

मित्रांनो, खिळ्याला टांगलेल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचं बोट लावा. लाकूड तेवढ्याने तग धरतं. माणसांना थोडं जास्त लागतं. आमचे मालक आता प्रत्येक घाण्याचा पहिला तुकडा मालकीणबाईंपुढे धरतात आणि विचारतात, "काय कमी आहे?" आणि उत्तर येईपर्यंत थांबतात.