काचेची पट्टी

काचेची पट्टी पुन्हा तुटली होती. गवंडीकाका शिडीवर जागच्या जागी थिजले.

विद्यापीठाच्या जुन्या सभागृहाच्या भिंतीला बाहेरून तडा गेलेला. अशा तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवतात. भिंत हलली की पट्टी तुटते. परवा एक तुटली, तेव्हा काकांना वाटलं, आपल्याच हातातला बांबू लागला. तीस वर्षं 'माझा हात चुकत नाही' म्हणून मिरवलेलं. आता धक्का लागला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यांनी गुपचूप नवी पट्टी लावली. आज मात्र इथे ना बांबू होता, ना कुणी फिरकलं होतं.

पलीकडे नव्या लिफ्टसाठी ड्रिल चालू होतं. भिंतीच्या आतल्या बाजूला साठ मुलं परीक्षेचा पेपर लिहीत होती.

 काकांच्या खिशात आणखी एक पट्टी होती. निवृत्तीला दोन महिने उरलेले. सकाळीच बायको म्हणाली होती, "आता अंगावर काही ओढवून घेऊ नका." काकांनी भिंतीला तळवा टेकवला. ड्रिलची थरथर थेट तळव्यात उतरत होती.

ते कसेबसे खाली उतरले. इंजिनिअरबाई नकाशा पाहत होत्या. भिंत ठोकून तिचा पोकळपणा ऐकायला त्यांना काकांनीच शिकवलं होतं.

"मॅडम, पट्टी तुटलीय."

"कधी?"

 "आज. परवाही तुटली होती. मी बदलली, पण बोललो नाही."

बाईंनी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि ड्रिल थांबवायला धावल्या.

मुलं कुरकुरत बाहेर आली. "काका, माझा शेवटचा प्रश्न राहिला ना," एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

"राहू दे पोरी, तू पुढे हो."

सगळी बाहेर पडली, तरी काका मुलं मोजतच होते.

भिंत पडली नाही. दुपारी तिला लोखंडी टेकू लागले, आणि तडा बोटभर रुंदावलेला दिसला.

"काका, उद्यापासून येऊ नका," बाई खाली बघत म्हणाल्या. "वरून तसं सांगितलंय."

काकांनी मान हलवली. खिशातली पट्टी काढली.

"लावण्याआधी धूळ पुसून घ्या. आणि पट्टीवर लावल्याची तारीख टाका. मी टाकली नव्हती."

ती त्यांनी दोन्ही हातांनी बाईंना दिली.