गॅस वाढला

परळीच्या अलीकडं गाड्यांत गॅस भरायचा पंप आहे, तिथं सिद्धलिंग सकाळी सहापासून उभा होता. दुपारचे दोन झाले तरी बदली माणूस आला नव्हता. टोपीवर औष्णिक केंद्राची राख, पोटऱ्यांत बावीस वर्षांचं उभं राहणं. गिऱ्हाइकांची त्याच्या मनात दोनच खाती होती: ऐकणारे आणि ओळखी सांगणारे.

अमरसिंहाची व्हॅन आली तेव्हाच त्यानं ती दुसऱ्या खात्यात टाकली. आत पलंग, ओटा, शेगडी. पोटाखाली शेगडीसाठी साठ लिटरची पक्की टाकी. म्हाताऱ्या आईला, मुक्ताबाईला, घेऊन नारायणगडापासून देवदर्शनाला निघायचा बेत होता.

"फुल्ल करा, काका. आमदाराच्या घरचीच गाडी समजा."

"आमदाराचा गॅस बी ऐंशी टक्क्यांवरच थांबतो, दादा. इंजिन बंद, शेगडी बंद, फोन बंद. समदे खाली."

मुक्ताबाई कण्हत उतरल्या आणि लांब लिंबाखालच्या खुर्चीवर बसल्या. नुकताच मोतीबिंदू काढलेला. व्हॅनच्या दारातला टाकीचा काटा त्यांना तिथून लख्ख दिसत होता.

"आक्का, टाकीत किती हाय?" सिद्धलिंगानं विचारलं.

"वाढलाय बाबा गॅस."

त्यानं मान डोलावली. त्याच्या घरी बायको नीलम्माही तेच म्हणे. मीठ, कुंकू, पीठ, सिलिंडर. भरल्या घरात काही 'संपलं' म्हणायचं नाही, 'वाढलं' म्हणायचं. म्हणजे टाकी कोरडी. साठाचे ऐंशी टक्के अठ्ठेचाळीस. तेवढ्यावर टाकीतला व्हॉल आपोआप बंद होतो, नाही झाला तर समोर मीटर आहेच. काटा पलीकडच्या अंगाला. वळसा घालून बघायचा तर बारा पावलं. पायांनी ती नाकारली.

त्यानं नळी जोडली, बटण दाबून धरलं. बोट उचललं की गॅस बंद, अशी ती रीत. मीटर पळू लागला. अमरसिंहानं व्हॅनला खांदा लावून दोन गचके दिले.

"कावून हलवताय?"

"अजून बसंल की थोडा. मोटारसायकल हलवली की पेट्रोल बसतंय."

"ही काय बाजरी हाय व्हय, पोतं आपटून बसवायला? व्हा मागं."

एकोणतीस. तीस. उन्हानं डोळे मिटायला लागले.

"वाढला रं बाबा," मुक्ताबाई लांबून म्हणाल्या.

ऐकलं, आक्का, तो मनात म्हणाला. मघाच सांगितलंत. एकतीस. आणि मग कुठंतरी खडा लागला. भरता भरता गॅस संपतो कसा?

बोट आपसूक उचललं गेलं. नळी काढून, ती बारा पावलं चालून त्यानं काटा बघितला. ऐंशीची रेघ ओलांडून केसभर पुढं. म्हणजे आत आधीच सतरा-अठरा लिटर होता, आणि व्हॉल बंद झालाच नव्हता. मीटरवर अठ्ठेचाळीस व्हायची वाट बघितली असती, तर टाकी शिगोशीग भरली असती आणि वर हे ऊन.

"आक्का, वाढला म्हंजे संपला का चढला?"

"चढला. सकाळपास्नं उन्हानं काटा वर सरकलाय, तेच मघा सांगितलं. मी काय येडी हाय, भरल्या गाडीत संपला म्हनाया?"

"संपला म्हनत न्हाईत, म्हनूनच तर घोळ झाला."

चूक तिची नव्हती. बारा पावलांची होती, आणि ती त्यानं स्वतःच्या नावावर मांडली.

"काका, मीटर तर एकतीसच दाखवतोय," अमरसिंह म्हणाला. "टाका की अजून पाच."

"उन्हात गॅस फुगतो, दादा. वरची वीस टक्के जागा त्याची हाय. तुमचा व्हॉल बिघडलाय. आज मी थांबलो, उद्या दुसरा थांबायचा न्हाई."

"बसवणाऱ्यानं तर ग्यारंटी—"

"गप रं," मुक्ताबाई म्हणाल्या. "त्या टाकीवर मला निजायचंय, तुला न्हाई."

सिद्धलिंगानं नळी जोडली होती त्या तोंडाला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. गाडी सावलीत लावा, आजचा स्वयंपाक हिच्याच गॅसवर होऊ द्या, काटा खाली येऊ द्या, असं त्यानं दोनदा बजावलं. अमरसिंहानं तोंड वाकडं केलं, पण आईकडं बघून मान हलवली.

मुक्ताबाई दांडीला धरून वर चढल्या. निघताना 'जाते' म्हणू नये, एवढं त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"येते रं बाबा."

"येऊ नका, आक्का," सिद्धलिंग म्हणाला आणि रिकाम्या खुर्चीत बसला. "व्हॉल बदलल्याबिगर न्हाई."